हायस्कूलच्या पहिल्याच कॉम्प्युटर सायन्स कोर्ससाठी ट्यूटर कसा शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी हायस्कूलमध्ये आहे, यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले, मग लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं) आणि फंक्शन (नाव देऊन हवं तेव्हा वापरायचा कोडचा तुकडा) आलं आणि तिथे गाडी अडली, चाचणीत मार्क पडले नाहीत, घरात प्रोग्रामिंग कोणालाच येत नाही. तर ट्यूटर कुठून आणायचा, चांगला कसा ओळखायचा, ऑनलाइन चालेल का आणि किती दिवस ठेवायचा? मी बरीच वर्षं ह्याच वयाच्या मुलांना प्रोग्रामिंगची सुरुवात शिकवतेय, वर्गात पण आणि एकेकट्याला पण, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगून टाकते. ट्यूटरला स्वतःला किती भारी कोडिंग येतं हे सगळ्यात शेवटी बघा. ह्या कोर्सला लागतं तेवढं कोडिंग खूप लोकांना येतं. मिळायला कठीण असतो तो असा माणूस जो मुलीच्या डोक्यात आत्ता नक्की काय चाललंय ते तिच्याच तोंडून काढून घेतो आणि तोपर्यंत स्वतःचे हात कीबोर्डला लावत नाही. बाकी सगळं, म्हणजे डिग्री, अनुभव, कुठल्या कंपनीत आहे, हे त्याच्यानंतर.

पण ट्यूटर शोधायच्याही आधी एक काम करा, आणि ह्याला तुम्हाला कोडिंग यायची अजिबात गरज नाही. वर्गात करून घेतलेला एखादा आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम घ्या, मुलीच्या शेजारी बसा आणि म्हणा, मला एकेक ओळ वाचून सांग, ही ओळ झाली की काय होतं. मध्ये बोलू नका, चूक-बरोबर ठरवू नका, फक्त ऐका. अर्ध्या तासात तुम्हाला साधारण कळतं की गाडं कुठे अडलंय. काही मुलं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच "हे असंच लिहायचं असतं" म्हणतात, म्हणजे कोड वाचताच येत नाहीये, फळ्यावरचं उतरवून घेतलंय आणि पाठ केलंय. काही मुलं वाचून सगळं नीट सांगतात पण कोरी स्क्रीन समोर आली की पहिली ओळ काय लिहायची हेच सुचत नाही. आणि काहींचं दुखणं तिसरंच असतं, त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, ते म्हणजे फाइल कुठे सेव्ह झाली ते माहीत नाही, घरच्या मशीनवर सॉफ्टवेअर नीट इन्स्टॉल नाही, शाळेत चालतं ते घरी चालत नाही. फोनवरच वाढलेल्या मुलांना फोल्डर ही भानगडच नवीन असते, आणि मग मूल म्हणतं "मला प्रोग्रामिंग जमत नाही" आणि प्रत्यक्षात प्रोग्रामिंगपर्यंत ते पोचलेलंच नसतं. ह्या तिसऱ्या केसमध्ये दोन तास कोणीतरी शेजारी बसून सगळं सेट करून दिलं तर बऱ्याचदा ट्यूटर लागतच नाही.

पहिल्या दोन केसेस वेगळ्या आहेत आणि ट्यूटरला हे आधी सांगितलंत तर त्याचे सुरुवातीचे दोन-तीन क्लास वाचतात. कोड वाचता न येणं हे खूप कॉमन आहे, मुलीत काही कमी आहे असं समजू नका. २००४ साली रेमंड लिस्टर ह्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच देशांतल्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला होता, मुलांना छोटे छोटे कोडचे तुकडे दिले आणि विचारलं की हा चालवल्यावर काय येईल, किंवा इथे कुठली ओळ बसेल. प्रोग्रामिंगचा कोर्स केलेली, म्हणजे कॉलेजातली मुलं होती ती, तरी त्यातल्या बऱ्याच जणांना हे धड जमलं नाही. म्हणजे लिहायला शिकवायची घाई सगळीकडेच होते आणि वाचणं मागे राहतं. हायस्कूलच्या मुलीचं तेच झालं असेल तर त्यात नवल नाही.

मग शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना भेटा. हे पालक सगळ्यात शेवटी करतात, का कुणास ठाऊक. सिलॅबस त्यांच्याकडे आहे, मुलीची उत्तरपत्रिका त्यांनी तपासलीय, आणि मागच्या वर्षी हाच कोर्स चांगला केलेला एखादा सीनियर विद्यार्थी त्यांना नक्की माहीत असतो. "मार्क का कमी आले" असं विचारू नका, "कुठल्या प्रकारच्या प्रश्नात तिचं अडतंय" असं विचारा, उत्तर खूप वेगळं आणि कामाचं मिळतं. शाळा सुटल्यावर थांबून मदत करायची सोय असेल तर आधी ती वापरून बघा.

त्यांच्याकडून कोर्सची माहिती लेखी घ्या. कुठली भाषा आहे, परीक्षा कॉम्प्युटरवर आहे की कागदावर, प्रोजेक्ट आहे का, थिअरी किती आहे. "कॉम्प्युटर सायन्स" ह्या एकाच नावाखाली जगभर वेगवेगळं शिकवतात. अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचा (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे कोर्स) कॉम्प्युटर सायन्स ए हा कोर्स जावा ह्या प्रोग्रामिंग भाषेत आहे, त्यातलाच प्रिन्सिपल्स हा कोर्स एका ठराविक भाषेला बांधलेला नाही, सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पायथॉन ही भाषा आहे, केंब्रिजच्या आयजीसीएसई ह्या शालेय परीक्षेला पेपरात स्यूडोकोड (कुठल्याही खऱ्या भाषेत नसलेला, साध्या शब्दांत मांडलेला कोड) वाचावा-लिहावा लागतो. ट्यूटरला जावा येतं आणि कोर्स पायथॉनचा आहे तर "काय फरक पडतो, लॉजिक सेमच असतं" असं तो म्हणेल. लॉजिक सेम असतं हे खरं, पण नवशिक्याला नेमक्या त्या छोट्या फरकांनीच त्रास होतो. ५ भागिले २ पायथॉन ३ मध्ये केलं की २.५ येतं, जावात दोन्ही पूर्णांक असले की २ येतं. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवलीय त्यावर अर्थ ठरतो, जावात महिरपी कंस लागतात. ज्याला कशाचंच काही माहीत नाही त्याच्या डोक्यात हे एकमेकांत मिसळलं की आगीतून फुफाट्यात. तेव्हा भाषा तीच हवी, ह्यावर तडजोड करू नका.

परीक्षा कागदावर असेल तर तेही आधीच सांगा. स्क्रीनवर एरर दिसते, लाल रेघ येते, एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) कंस आपणहून बंद करतो, कागदावर ह्यातलं काहीच नसतं. अशा मुलीला ट्यूटरने आठवड्यातून एकदा तरी पेन्सिलीने कोड लिहायला लावला पाहिजे. आणि बायनरी, लॉजिक गेट्स, नेटवर्क, डेटा साठवणं असा थिअरीचा भाग असतो त्याला बहुतेक वेळा वेगळा ट्यूटर लागत नाही, पुस्तक आणि जुने पेपर पुरतात, ट्यूटरचा वेळ तिथे घालवू नका.

आता माणूस कुठे शोधायचा. माझं स्पष्ट मत सांगते, पहिली पसंती कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या आणि तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये मदत केलेल्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला द्या. अशा मुलांनी एकच चूक खूप जणांना करताना बघितलेली असते, आणि स्वतःला हे अवघड गेलं होतं ते दिवसही फार लांब नसतात. जवळच्या युनिव्हर्सिटीच्या किंवा कॉलेजच्या डिपार्टमेंटला एक मेल टाका, विद्यार्थ्यांचे कोडिंग क्लब असतात तिथे विचारा, लायब्ररीत कोडिंगचे ग्रुप चालतात तिथे बघा. त्याच शाळेतला वरच्या वर्गातला हुशार पण शांत स्वभावाचा विद्यार्थी पण उत्तम, त्याला तर कोर्स, परीक्षा, सरांची पद्धत सगळंच माहीत असतं. ट्यूटरिंगच्या वेबसाइट्सवर चांगली माणसं असतात, पण तिथले स्टार आणि रिव्ह्यू मुलांना मजा आली का एवढंच बहुतेक वेळा सांगतात, आलं का हे सांगत नाहीत.

नात्यातलं कोणीतरी आयटीत असतंच आणि सगळे म्हणतात अरे त्यालाच विचार की. विचारा, पण सांभाळून. रोज कोड लिहिणाऱ्या माणसाला लूप हा दिसतच नाही, तो त्याच्या हातात बसलेला असतो. मुलीने सहा ओळींत धडपडत लिहिलेलं तो एका ओळीत करून दाखवतो आणि म्हणतो, असं लिहितात प्रोफेशनल लोक. ओळ सुंदर असते, मुलीच्या डोक्यावरून जाते आणि वर आपलं ते बावळट होतं असं तिला वाटतं ते वेगळंच. इंजिनियर मंडळींत फार छान शिकवणारे लोक आहेत, माझ्या ओळखीचे आहेत, पण ते छान शिकवतात ते त्यांच्यात धीर आहे म्हणून, इंजिनियर असल्यामुळे आपोआप शिकवता येतं असं काही नाही.

फोनवर बोलताना काय विचारायचं? "किती वर्षांचा अनुभव" हे विचारून फार काही कळत नाही. मी सांगते तो एक प्रश्न विचारून बघा: "नवीन मुलाला टोटल बरोबर टोटल अधिक १ ही ओळ तुम्ही कशी समजावता?" तुम्हाला उत्तर बरोबर आहे की नाही कळायची गरज नाही, तो काय प्रकारचं बोलतो ते ऐका. गणितात डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी असते, म्हणून मूल म्हणतं असं कसं शक्य आहे, टोटल आणि टोटल अधिक १ सारखे कसे असतील. प्रोग्रामिंगमध्ये ते चिन्ह म्हणजे उजवीकडचं आधी काढ आणि आलेलं उत्तर डावीकडच्या नावात ठेव. जो ट्यूटर लगेच म्हणतो "हो हो, इथे सगळेच अडकतात, मी कागदावर डबा काढते" किंवा "मी आधी त्यालाच विचारतो की तुला काय वाटतं", तो ह्या गल्लीतून खूपदा गेलेला आहे. जो म्हणतो "सोपं आहे, ते व्हेरिएबल इन्क्रिमेंट होतं", त्याला धन्यवाद म्हणा आणि पुढचा नंबर लावा. दुसरा प्रश्न, "मुलाचं असाइनमेंटमध्ये अडलं तर तुम्ही कुठपर्यंत मदत करता?" ह्याचं उत्तर ठाम आणि सरळ असायला हवं, ह्यावर खाली लिहिते.

मग एक ट्रायल क्लास घ्या आणि तुम्ही तिथेच बसा, किंवा ऑनलाइन असेल तर त्याच खोलीत. बघायची गोष्ट एकच, हात कोणाचे चालतायत आणि तोंड कोणाचं.

एक उदाहरण घेऊन सांगते, म्हणजे नक्की काय बघायचं ते कळेल. मुलीला तीन मार्कांची बेरीज करायचीय, मार्क आहेत ५, ७ आणि ३. उत्तर १५ यायला हवं, स्क्रीनवर येतंय ३. तिने काय केलंय तर टोटल बरोबर ० ही ओळ लूपच्या बाहेर, वरती लिहायच्या ऐवजी लूपच्या आत लिहिलीय, म्हणजे प्रत्येक फेरीला टोटल पुन्हा शून्य होतं आणि शेवटी फक्त शेवटचा मार्क उरतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसते. आता एक ट्यूटर काय करतो, बघतो, "अगं ही लाइन वर घे", कधी कधी तर स्वतःच माउस घेऊन वर करतो, १५ आलं, चला पुढचं. चार सेकंदांचं काम. मुलगी पण खूश, तुम्ही पण खूश की काय फटाफट शिकवतात, आणि पुढच्या आठवड्यात सरासरी काढायच्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक पुन्हा.

दुसरा ट्यूटर विचारतो, "तुला काय येईल असं वाटलं होतं?" ती म्हणते १५. "आलं काय?" ३. "हा ३ कुठून आला असेल?" मग शांतता. ही शांतता पालकांना सहन होत नाही, पण तिथेच खरं काम चाललेलं असतं, मध्ये पडू नका. मग तो कागद पुढे करतो, उभे रकाने पाडायला सांगतो, फेरी, मार्क, टोटल. तू कॉम्प्युटर आहेस असं समज, एकेक ओळ कर आणि टोटलमध्ये काय आहे ते लिही. पहिली फेरी, टोटल ०, मग ५. दुसरी फेरी, टोटल... आणि इथे तिची पेन्सिल थांबते, कारण ओळ सांगतेय पुन्हा ० लिही. "अरे, हे पुन्हा शून्य होतंय!" हे वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे. दहा मिनिटं गेली, एकच चूक सुटली, पण आता तिच्याकडे कुठल्याही लूपला लावता येईल अशी पद्धत आहे. पहिल्या पद्धतीने क्लास म्हणजे काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघणं. तुम्हाला हा दुसरा माणूस हवाय, मग तो कितीही संथ वाटो.

अजून एक गोष्ट कान देऊन ऐका. मूल म्हणतं "पण मला तर बेरीज करायची होती, त्याला कळायला नको का". कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी एक मन आहे आणि त्याला आपला हेतू कळतो, ही समजूत नवशिक्यांत इतकी पक्की असते की रॉय पी ह्या संशोधकाने १९८६ मध्येच त्यावर लिहिलं होतं आणि बाकीच्या गैरसमजांच्या मुळाशी हीच समजूत आहे असं म्हटलं होतं. चांगला ट्यूटर असं वाक्य ऐकलं की थांबतो आणि त्यावर काम करतो. घाईतला ट्यूटर हसून सोडून देतो.

अशाच नेहमीच्या जागा अजून आहेत, ट्रायलला त्यातली एखादी येईलच. प्रिंट आणि रिटर्न ह्यातला गोंधळ, स्क्रीनवर आकडा दिसला म्हणजे फंक्शनने तो परत दिला असं मुलांना वाटतं आणि मग पुढच्या हिशोबात तो वापरायला गेलं की काहीच हाती लागत नाही. पायथॉनमध्ये रेंज १ ते १० म्हटलं की ९ लाच थांबतं. युजरकडून ५ आणि ७ घेतले आणि बेरीज केली की ५७ येतं, कारण इनपुटने आलेलं सगळं मजकूर म्हणून येतं, त्याला आकडा करून घ्यावा लागतो. ट्यूटरला ह्या जागा तोंडपाठ असल्या पाहिजेत, आणि मूल तिथे पडायच्या आधीच "काय येईल सांग बरं" असं विचारायची सवय हवी. चालवायच्या आधी अंदाज, मग चालवणं, मग थोडा बदल करणं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं लिहिणं, ह्या क्रमाने शिकवणारा माणूस मिळाला तर सोडू नका.

कोड वाचता येतो पण कोऱ्या स्क्रीनसमोर काही सुचत नाही, अशी मुलगी असेल तर ट्यूटरला विचारा की ओळी उलटसुलट करून दिलेले व्यायाम तो देतो का. म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी सगळ्या बरोबर पण क्रम बिघडवलेला, मुलाने जुळवायच्या. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन ह्यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला, त्याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. वाचणं आणि लिहिणं ह्याच्या मधली ती पायरी आहे, आणि कागदाच्या चिठ्ठ्या करून पण करता येतं.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? दोन्ही चालतं, हा विषयच स्क्रीनवरचा आहे त्यामुळे ऑनलाइन इथे बाकी विषयांपेक्षा बरं चालतं. पण स्क्रीन मुलीची शेअर झाली पाहिजे, ट्यूटरची नाही. क्लासभर ट्यूटर स्वतःची स्क्रीन दाखवत टाइप करत असेल तर तो व्हिडिओच झाला, तसे फुकट ढिगाने आहेत. तसंच रिमोटने तिच्या मशीनचा कंट्रोल घेऊन दुरुस्त्या करणं बंद म्हणजे बंद. साधनं साधी पुरतात, पायथॉनसाठी थॉनी नावाचा एडिटर आहे, एस्टोनियातल्या टार्टू युनिव्हर्सिटीत तयार झालेला, फुकट आहे, नवशिक्यांसाठीच केलाय आणि प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून प्रत्येक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टोटलसारख्या नावात, काय आहे ते दाखवतो. पायथॉन ट्यूटर नावाची साइट पण तेच चित्र काढून दाखवते, नाव पायथॉनचं असलं तरी जावासुद्धा चालतं तिथे. ट्यूटर ह्यातलं काही वापरत असेल तर चांगली खूण.

मूल अल्पवयीन आहे हे विसरू नका. दार उघडं, घरात मोठं माणूस, ट्यूटर आणि मुलीचे मेसेज तुम्हाला दिसतील अशा ग्रुपवर, आणि आधीच्या दोन पालकांशी तुम्ही स्वतः फोनवर बोललेलं असलं पाहिजे. ह्यात कोणाला राग येत असेल तर तो ट्यूटर नको. पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, पूर्ण वर्षाचं पॅकेज आधी घेतलं की सवलत मिळते पण माणूस बदलायची मोकळीक जाते.

आता असाइनमेंटचं. ट्यूटरने असाइनमेंट करून दिली तर ती फसवणूक आहे, आणि नुकसान मुलीचंच आहे, शाळेने पकडो न पकडो. बाकी शाळा-कॉलेजं पकडतातही, ॲलेक्स आयकेन ह्यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीत केलेलं मॉस नावाचं सॉफ्टवेअर दोन प्रोग्रॅममधलं साम्य शोधतं, नुसती व्हेरिएबलची नावं बदलून त्याला चकवता येत नाही. योग्य पद्धत अशी की ट्यूटर असाइनमेंटसारखाच पण वेगळा प्रश्न घेऊन मुलीकडून सोडवून घेतो आणि मूळ असाइनमेंट ती एकटी करते. शाळेचा नियम काय आहे, कुठपर्यंत मदत चालते, हे ट्यूटरला पहिल्याच दिवशी दाखवा.

एआय चॅटबॉटचं पण तसंच. चॅटजीपीटी २०२२ च्या शेवटी आलं तेव्हापासून पालक मला विचारतात की मग ट्यूटर कशाला हवा. ह्या कोर्समधला जवळपास प्रत्येक प्रश्न तो बॉट क्षणात सोडवतो, आणि अडचण नेमकी तीच आहे, मागितलं की तो उत्तर देऊन टाकतो. हार्वर्डच्या सीएस५० ह्या प्रोग्रामिंगच्या सुरुवातीच्या कोर्सवाल्यांनी २०२३ मध्ये स्वतःचा वेगळा बॉट आणला तो ह्याच कारणासाठी, सरळ उत्तर न देता मुलाला वाट दाखवायची अशा बेताने केलेला. घरी मुलीने एररचा मेसेज समजून घ्यायला बॉट वापरला तर मला चालतं, "ह्या एररचा अर्थ सांग, कोड देऊ नकोस" असं लिहायचं. पण कोड मागायचा नाही, निदान हे पहिलं वर्ष तरी. आणि ट्यूटर स्वतः क्लासमध्ये बॉटकडून उत्तरं काढून वाचून दाखवत असेल तर तुम्ही नक्की कशाचे पैसे देताय ते बघा.

किती क्लास? आठवड्यातून एक किंवा दोन, प्रत्येकी एक तास, ह्याच्यापेक्षा जास्त नको. मधल्या दिवशी रोज वीस-पंचवीस मिनिटं तिने एकटीने कोड लिहिला पाहिजे, ते झालं नाही तर जगातला उत्तम ट्यूटर पण काही करू शकत नाही. एकास एक शिकवण्याने फरक पडतो हे खरंय, बेंजामिन ब्लूम ह्या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये तर फारच मोठा फरक दाखवला होता, पण नंतर २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन ह्या संशोधकाने खूपशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा फायदा चांगला दिसला, तरी ब्लूम म्हणत होता तेवढा नाही. म्हणून ट्यूटर लावला की महिन्यात वर्गात पहिली येईल असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. तिची एखादी मैत्रीण त्याच अवस्थेत असेल तर दोघींना एकत्र बसवा, एकीने टाइप करायचं, दुसरीने बोलायचं, मग अदलाबदल. शांत मुली पण अशा वेळी बोलायला लागतात, आणि खर्च अर्धा होतो.

महिना-दीड महिन्यानंतर बघा. होमवर्क चकाचक आणि वर्गातली चाचणी तशीच, तर काहीतरी गडबड आहे, होमवर्क तिचं नाहीये. उलट होमवर्क अर्धवट आहे, पण एरर आली की आधी ती स्वतः मेसेज वाचते, ओळ नंबर बघते, मध्ये मध्ये प्रिंट टाकून तपासते, मग विचारते, तर ट्यूटर चांगलं काम करतोय, मार्क मागून येतील. मार्क येण्याआधी ही सवय येते. आणि ती आली की क्लास कमी करा, आधी आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक. जो ट्यूटर हे स्वतःहून सुचवतो त्याचा नंबर जपून ठेवा, धाकट्या भावंडाला लागेल.

एक गोष्ट मुलीशी पण बोला. वर्गात काही मुलं लहानपणापासून कोडिंग करत असतात, ती पटापट उत्तरं देतात, आणि नव्याने सुरू केलेल्यांना वाटतं आपल्यात ते नाहीच. मुलींच्या बाबतीत हे मी जास्त बघते. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने पहिल्या कोर्सलाच अनुभव असलेली आणि नसलेली मुलं वेगळ्या वर्गांत बसवायला सुरुवात केली ती ह्याचसाठी, आणि बाकीच्या बदलांबरोबर त्याचा मुलींना खूप फायदा झाला. तुमच्या शाळेत तसं नसेल, पण ट्यूटरला सांगा की पहिले काही आठवडे वेगावर एक शब्दही बोलायचा नाही. आणि घरात "तुला हे जमत नसेल तर विषय सोड" हे वाक्य सध्या कोणीच बोलू नका, निदान सहामाही होईपर्यंत.

शेवटचं, परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर वरचं सगळं शोधत बसायला वेळ नाही. अशा वेळी वरच्या वर्गातला विद्यार्थी पकडा, जुने दोन पेपर घ्या, आणि नवीन काही शिकवायला न लावता फक्त कोड वाचून उत्तर काढायचे प्रश्न करून घ्या, ते रकान्यांचं टेबल काढून. अशा प्रश्नांचे मार्क थोड्या दिवसांत सुधारतात, कोऱ्या पानावर लिहायच्या प्रश्नांना वेळ लागतो. परीक्षा झाली की मग निवांत ट्यूटर शोधा, आणि उत्तरपत्रिका हातात आली की तिची कॉपी काढून ठेवा, ट्रायल क्लासला तीच घेऊन बसायचं.